नमुन्याची ओळ

त्या वर्षी खुंटांची साल उशिरा सुटली. थंडी जाता जाईना. रोज सकाळी मी आणि धाकटा भाऊ कुणाच्या तरी बांधावर जाऊन एखाद्या खुंटाला नखाने चीर देऊन बघायचो, तर साल लाकडाला घट्ट चिकटलेली. झाडात रस चढला की ती अशी सुटते की चाकूचं मागचं टोक लावलं तरी उलगडते. तेवढेच दिवस आमचे. पंधरा, फार तर अठरा. मग गरम वारा सुटतो, साल पुन्हा चिकटते आणि आम्ही छाटण्या करा, खड्डे काढा, कुंपणं बांधा, असल्या कामांना लागतो.

आम्ही डोळे बांधणारे. संत्र्या-लिंबाची रोपं करतो. रानटी खुंट असतो, पेन्सिलीएवढा जाड. त्याच्या सालीत चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, तीन आठवड्यांनी सोडायची. डोळा हिरवा निघाला तर झाड झालं, काळा निघाला तर गेलं. आमच्यात मी चाकू चालवायचो. चीर द्यायची, डोळा उचलायचा, आत सरकवायचा आणि पुढे. धाकटा मागून पट्टी बांधत यायचा. सगळं काम जमिनीपासून वीतभर उंचीवर. दिवसभर कमरेत वाकून, नाहीतर उकिडवं बसून बदकासारखं सरकत. संध्याकाळी उभं राहायचं म्हटलं की आधी हात गुडघ्यावर, मग कंबर, मग मान, असे हप्त्याहप्त्याने आम्ही सरळ व्हायचो. बायको म्हणायची, तुम्ही दोघं घरी येता तेव्हा काहीतरी हरवलंय आणि ते शोधत येताय असं वाटतं.

लोकांना चाकूचं काम मोठं वाटतं. चाकू काय, दोन वर्षांत कुणालाही येतो. डोळा जगतो तो बांधण्यावर. पट्टी सैल पडली की आत हवा शिरते, जास्त आवळली की डोळा गुदमरतो. धाकट्याच्या बोटांत ते माप होतं. पाच वेढे, खालून वर, शेवटच्या वेढ्याखाली शेपूट घालून सावलीच्या बाजूला ओढायची. दिवसाचा पहिला खुंट आणि शेवटचा खुंट सारखाच. हे मला तेव्हाही माहीत होतं. चारचौघांत कधी बोललो नाही एवढंच. मोठा भाऊ होतो ना.

घरात आई, मी, माझी बायको आणि हा. एकतिशी गाठली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं, कारण मुलीकडचे विचारायचे की काम काय, आणि दोन हंगाम मिळून वर्षातले तीसेक दिवसच पक्के आहेत हे ऐकलं की चहा पिऊन उठायचे. त्याचा एक मित्र लांबच्या शहरात फळं भरायच्या शेडमध्ये होता. तो मागे लागला होता, ये म्हणून. महिनाअखेरपर्यंत कळव म्हणाला होता. धाकट्याने ते घरात सांगितलं त्या दिवसापासून आईची धुसफुस सुरू झाली. तिचा स्वतःचा भाऊ असाच गेला होता. वर्षातून दोन दिवस यायचा आणि दोन्ही दिवस झोपून काढायचा. मला बाजूला घेऊन म्हणाली, तू मोठा आहेस, तो इथेच राहील असं काहीतरी बघ. मी म्हटलं, बघतो. धाकट्याला म्हटलं, या हंगामात आपल्याला वर्षाचं काम मिळालं तर जाणार नाहीस ना? तो म्हणाला, मला कुठे हौस आलीय. मिळालं तर नाही जाणार.

आता झालं होतं काय, की आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका टोळीने हजारो डोळे बांधले आणि त्यातले निम्मे मेले. त्यामुळे त्या वर्षी जो तो नमुना मागायला लागला. आधी थोडं करून दाखवा, लागतंय का बघू, मग बोलू. एका निवृत्त मास्तरांच्या परसात भिंतीच्या उबेला लिंबाचे दोन खुंट होते, त्यांची साल तेवढी आधी सुटली होती. दोन. ते म्हणाले, एक नमुना म्हणून बांधा, तो लागला की दुसऱ्याचे पैसे देतो. धाकटा मान खाली घालून हसत होता. मी बांधून दिला. मास्तरांनी चहा पाजला, तासभर आमच्या कलेचं कौतुक केलं आणि दुसरा खुंट आमच्याच हाताकडे बघून स्वतः बांधला. परत येताना धाकटा म्हणाला, दादा, आपण चहाच्या बदल्यात शिकवणी केली. दोघंही पोट धरून हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मग सगळीकडेच साल सुटली, आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या रोपवाटिकेचा निरोप आला.

मोठी म्हणजे खरंच मोठी. तारेच्या कुंपणाच्या आत वाफेच वाफे, पाण्याचे नळ, पत्र्याची ऑफिसची खोली. मालक गोड बोलणारा माणूस. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. धाकटा खुर्चीच्या कडेला बसला, मी रेलून बसलो. मालक म्हणाला की त्याला रोज नवी माणसं शोधायचा कंटाळा आलाय. एकच जोडी धरायची आणि सगळे वाफे, दोन्ही हंगाम, दर वर्षी त्यांच्याकडेच द्यायचे. मधल्या काळात पाणी, छाटणी, सगळं त्यांनीच बघायचं. वर्षाचं काम. मी धाकट्याकडे बघितलं. त्याचेही डोळे चमकले होते, खोटं कशाला बोलू.

"फक्त एक ओळ बांधून दाखवा," मालक म्हणाला. "तुम्ही कारागीर माणसं. कारागिराला हात दाखवायला कसली लाज?"

त्या एका शब्दाने मी गार झालो. आयुष्यभर लोक मला 'ए कलमवाल्या' म्हणून हाका मारत आले. कारागीर कुणी म्हटलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं की ओळ केवढी, तिचे पैसे काय, आणि तीन आठवड्यांनी डोळे लागलेले दिसतील तेव्हा बांधायला हंगाम कुठला उरणार आहे. यातलं एकही मी विचारलं नाही. उठलो आणि म्हटलं, दाखवतो.

ती ओळ दोनशे खुंटांची निघाली. एरवी आम्ही दिवसाला चारशे सहज ओढायचो, पण नमुना म्हणून मी एकेक डोळा निरखून घेत होतो. काडी ओल्या गोणपाटात, चाकू दर वीस खुंटांनी घासायचा, चीर केसासारखी. धाकटा मागून म्हणाला, दादा, रोजच्यासारखं चालव, उलट तू जपून जपून चीर खोल नेतोयस. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. संध्याकाळी अंगठ्याच्या पेराला फोड आला होता, आणि तो फुटलाही होता. मालक ओळीच्या कडेने चालत गेला, वाकून दोन-चार पट्ट्या बघितल्या, मान हलवली. म्हणाला, सुंदर. फक्त ही जात सोपी. उद्या-परवा मोसंबीची एक ओळ करा, म्हणजे माझी खात्री पटेल.

त्याच संध्याकाळी तळ्यावरची बाई घरी आली. तिची बाग तळ्याला लागून, नवरा गेल्यापासून ती एकटीच बघायची. माणूस फटकळ, पण व्यवहाराला चोख. तिच्याकडे हजारभर खुंट तयार होते. नमुना वगैरे काही नाही. म्हणाली, तुमचं काम मी तीन वर्षांपूर्वी बघितलंय, उद्यापासून या, रोजचे पैसे रोज संध्याकाळी. मी म्हटलं, चार दिवसांनी येतो. ती म्हणाली, चार दिवस कशाला? मी मोठ्या रोपवाटिकेचं सांगितलं, जरा मोठ्या आवाजातच. ती चपला घालत म्हणाली, "माझ्या खुंटांना तुमच्या मालकाची वाट बघता येत नाही. दोन दिवस थांबते."

ती गेल्यावर धाकटा म्हणाला, दादा, आधी हिचं उरकू. ते मोठं कुठे पळून जातंय. मी त्याला म्हटलं, छोट्या कामापायी मोठं घालवायचं का? मालकाला वाटेल की आपण दोन डगरींवर हात ठेवून आहोत. बायको आतून म्हणाली, ठेवले तर काय बिघडलं? मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही. त्या महिन्यात हे वाक्य मी घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं असेल.

मोसंबीची ओळ बांधली. त्याआधीचा एक दिवस फुकट वाट बघण्यात गेला होता, कारण मालक म्हणाला होता उद्या-परवा, आणि आम्ही उद्याच गेलो तर काड्या कापलेल्याच नव्हत्या. फाटकापाशी उन्हात बसून परत आलो. तिथला मुकादम म्हणाला, परवा म्हणाले होते ना. परवा गेलो. वारा सुटायला लागला होता. पट्टी फडफडायची, धाकटा एक टोक दातात धरून बांधायचा. त्याचे ओठ प्लास्टिकने चिरले होते. दुपारी डबा खाताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि वर तो मलाच विचारायचा की अंगठा कसा आहे. तळ्यावरच्या बाईचे दोन दिवस त्याच दुपारी संपले. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

संध्याकाळी मालकाने पुन्हा ओळ बघितली, पुन्हा सुंदर म्हणाला, आणि परवा सकाळी लवकर या म्हणाला. मी घरी येऊन आईला सांगून टाकलं की काम झाल्यातच जमा आहे. आईने देवाला हात जोडले. धाकटा न्हाणीत पाय धूत होता. त्याने ऐकलं, पण बाहेर येऊन नेहमीसारखं काही विचारलं नाही.

परवाचा दिवस. तो मला सगळाच्या सगळा आठवतो. नको म्हटलं तरी आठवतो.

आम्ही गेलो तेव्हा ऊन चढायचं होतं, तरी वारा गरम लागत होता. मालक स्वतः वाफ्यापर्यंत चालत आला. मागे मुकादम, आणि त्या दिवशी दोन पाहुणेही होते, चांगल्या कपड्यांतले. मला वाटलं आता सांगेल. मी चाकू खिशातून काढलाही नव्हता. मालकाने हात लांब करून टोकाचा वाफा दाखवला.

"तिथली एक ओळ राहिलीय," तो म्हणाला. "तिकडे ऊन जास्त. तिथे तुमचा हात कसा बसतो तेवढं बघू, म्हणजे माझ्या मनात काही राहणार नाही."

मी होकाराला मान हलवली. धाकटा पट्ट्यांची जुडी कमरेला बांधत होता. तो थांबला.

"मालक, पलीकडचे वाफे कुणी बांधले?" त्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता. सहज विचारावं तसं विचारलं.

"का रे?"

"गाठी वेगवेगळ्या आहेत. दर ओळीला वेगळा माणूस. ते सगळे नमुनेच आहेत का?"

पाहुण्यांपैकी एकाने मालकाकडे बघितलं. मालकाचं हसू तसंच राहिलं, पण तो माझ्याकडे वळला. धाकट्याकडे नाही, माझ्याकडे. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. वाटलं, आता हे हातातून जाणार, आईला दिलेला शब्द, वर्षाचं काम, सगळं जाणार. मी धाकट्याच्या अंगावर खेकसलो.

"तुला बोलायला आणलेलं नाही, बांधायला आणलंय. खाली बस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मालकाला म्हटलं, "त्याचं मनावर घेऊ नका. कुठे काय बोलावं ते त्याला कळत नाही." मालक म्हणाला, असू दे, लहान आहे. एकतीस वर्षांचा माणूस. पाहुणे हसले. मीही हसलो. होय, मीही त्यांच्याबरोबर हसलो. आजवर केलेल्या कामांतलं कुठलं परत घेता आलं असतं तर मी तेवढं एक हसणं घेतलं असतं.

धाकटा खाली बसला.

ती ओळ एकशे ऐंशी खुंटांची होती. मी पुढे, तो मागे. चिडलेल्या माणसाची पट्टी ताणली जाते. आमच्या धंद्यात बांधणाऱ्याचा राग पट्टीत दिसतो, म्हणून काम शिकवताना आमचे वस्ताद आम्हाला भांडण झालं की त्या दिवशी कामाला लावायचे नाहीत. मी मधूनमधून मागे वळून बघत होतो. धाकट्याची पट्टी ताणली गेली नव्हती. पाच वेढे, शेपूट सावलीला. कसाही बांधून मोकळा झाला असता तर मला तेव्हा बरं वाटलं असतं. माझं अर्धं ओझं उतरलं असतं.

दुपारी पाणी प्यायला म्हणून मी उठलो आणि नळाकडे न जाता पलीकडच्या वाफ्यात शिरलो. गाठी बघायला वाकायचीही गरज नव्हती. आम्ही गाठीवरून माणूस ओळखतो, जसे लोक अक्षरावरून ओळखतात. पहिली ओळ वरून खाली बांधलेली, म्हणजे नदीपलीकडची जोडी. दुसरी डावखुऱ्याची. तिसऱ्या ओळीत वेढे चारच, कुणीतरी नवखा. असं करत करत नऊ ओळी मोजल्या, नऊ ओळींत नऊ माणसं. आणि दहाव्या ओळीत प्रत्येक पट्टीची शेपूट चावून तोडलेली.

शेपूट दातांनी तोडायची सवय एकाच माणसाची. आमचे वस्ताद. मला चाकू धरायला त्यांनी शिकवलं, धाकट्याला पट्टी त्यांनी शिकवली. गुडघे गेले म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. म्हणजे आम्ही तसं समजत होतो. मातीत खुंटांच्या शेजारी एका फळीचा ठसा होता, पुढे सरकवत सरकवत नेलेला, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वस्ताद फळीवर बसून सरकले होते. त्यांनाही कुणीतरी म्हणालं असणार, कारागिराला हात दाखवायला कसली लाज.

धाकटा खरा होता. सगळा मळा नमुन्यांत बांधून होत आला होता, आणि टोकाची एवढी एक ओळ राहिली होती ती आम्ही बांधत होतो. अजून सत्तर-ऐंशी खुंट बाकी होते. चाकू पुसून, धाकट्याचा हात धरून फाटकातून बाहेर पडता आलं असतं. तळ्यावरच्या बाईच्या पाया पडता आलं असतं, तिचे दोन-तीनशे खुंट तरी राहिले असतील.

मी परत गेलो, खाली बसलो आणि उरलेले खुंट चिरले. आता मध्येच सोडलं असतं तर सगळ्यांसमोर तो खरा आणि मी खोटा ठरलो असतो. एवढ्यापायीच. याला दुसरं काही कारण मी खूप शोधलं, नंतर रिकाम्या वेळात. सापडलं नाही.

घरी जाताना तो चार पावलं मागून चालत होता. नेहमी बरोबरीने चालायचा. आईने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तीन आठवड्यांनी सांगतो म्हणाले, पण आपलंच आहे. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या वाफ्यात मी काय बघून आलो हे त्याला कळलं होतं, कारण मी पाणी न पिताच परत आलो होतो आणि त्याच्याच बाटलीतून प्यायलो होतो. तरी तो आईसमोर काही बोलला नाही. माझी अब्रू त्याने तिथेही सांभाळली.

तळ्यावरच्या बाईकडे दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. तिने बाहेरगावची जोडी बोलावली होती. शेवटचा वाफा चालू होता. मला बघून ती म्हणाली, झालं का मोठं काम? मी म्हटलं, होतंय. ती म्हणाली, छान. बसा, पाणी घ्या. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

मग गरम वारा धरून बसला. चार दिवसांत साल चिकटली आणि हंगाम संपला.

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना धाकटा जेवताना म्हणाला, मी मित्राला हो कळवलंय. आईचा हात ताटातच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, बायकोने बघितलं, आणि तोही बघत होता. तो कळवून मोकळा झाला होता, तरी वाट बघत होता. मी एवढंच म्हणायचं होतं की त्या दिवशी तुझं बरोबर होतं. तो थांबला असता की नाही, सांगता येत नाही. काम तर तेव्हाही नव्हतंच. पण निदान तसा गेला नसता. मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू ठरव." आणि भात मागून घेतला.

तो गेला त्या सकाळी मी अंगठ्याला कापूस गुंडाळत बसलो होतो. फोड बरा होऊन आठवडा झाला होता. त्याने आईला, वहिनीला नमस्कार केला, मला केला. मी पाठीवर हात ठेवला. पिशवी घेऊन तो कोपऱ्यावर वळला तेव्हा बायको म्हणाली, जा ना बसपर्यंत. मी म्हटलं, लहान आहे का तो? बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मीच घरात निघून गेलो.

एकविसाव्या दिवशी मी रोपवाटिकेत गेलो. बोलावलं नव्हतं. मुकादम आणि सहा-सात बाया पट्ट्या सोडत होत्या. मालक बाहेरगावी होता. मी म्हटलं, आमच्या ओळी मीच सोडतो. मुकादम म्हणाला, सोडा की, तेवढंच आमचं काम हलकं.

मी टोकाच्या वाफ्यात बसलो. डोळ्याबरोबर पानाचा देठ ठेवलेला असतो. बोट लावलं आणि देठ गळून पडला की डोळा जगला. वाळून चिकटून बसला तर मेला. मी बोट लावत गेलो आणि देठ गळत गेले. एकशे ऐंशीतले सहा मेले होते. एकेक उलगडून बघितला. सहाही ठिकाणी चीर लाकडात खोल गेलेली, म्हणजे सहाही माझ्या चाकूने मेले. धाकट्याची एकही पट्टी सैल निघाली नाही.

मी मुकादमाला विचारलं, मग कोणाची ओळ सगळ्यात चांगली लागली? तो गोंधळला. म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, नमुना बघून एक जोडी धरणार होते ना मालक. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग आवाज खाली करून म्हणाला, "दादा, ओळींना नावं कुठे लावलीत?"

मी बघितलं. खरंच, एकाही ओळीला पाटी नव्हती. साधी काडीसुद्धा रोवलेली नव्हती. तीनदा मी या वाफ्यांत आलो, दिवस दिवस बसलो आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. कारण आमच्या डोक्यात गाठ म्हणजेच नाव. मला वाटत होतं, मालक ओळीवरून चालत जाईल आणि ओळखेल की ही यांची, ही त्यांची. पट्ट्या आता बायांच्या पायांशी ढिगात पडल्या होत्या, आमच्या, डावखुऱ्याच्या, वस्तादांच्या, सगळ्या एकत्र. रोपं तेवढी उभी होती, सगळी सारखी. मुकादम म्हणाला, यंदाचं तर सगळं बांधून झालं. पुढच्या वर्षी या आधीच, नमुना दाखवायला.

रविवारी धाकट्याचा फोन आला. मीच उचलला. जेवणाचं, हवेचं बोलून झालं. मग त्याने विचारलं, पट्ट्या सोडल्या का? किती लागले?

"टोकाच्या ओळीत सहा गेले," मी म्हटलं. "सहाही माझ्या हाताने. तुझी एकही पट्टी हलली नाही."

मला वाटलं आता बोलावं. म्हटलं, अरे, त्या दिवशी मी... तो म्हणाला, जाऊ दे दादा. आणि लगेच शेडचं सांगायला लागला. पेट्या भरायच्या, वर्गवारी करायची, उभं राहून काम, कमरेला बरं आहे. पहिले पंधरा दिवस नुसतं काम बघतात म्हणे. जमलं तर ठेवतात, पगार त्याच्या पुढचा.

"म्हणजे हे पंधरा दिवस फुकट?"

"हो."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही," तो म्हणाला. "दहा-बारा जण आहोत. कुणीच काही म्हणत नाही."

आमच्या दोघांत विचारणारा तो होता. मी नाही, वस्ताद नाहीत, त्या दहा ओळींतल्या कुणीही विचारलं नव्हतं. एकट्या त्याने विचारलं होतं, आणि त्याला चार माणसांसमोर गप्प मी बसवलं होतं. मी म्हटलं, विचार त्यांना. उद्या सकाळी गेल्या गेल्या विचार, पंधरा दिवसांचं काय ते. घाबरू नकोस. मी सांगतोय ना, तू विचार.

तो हसला. वाईट नाही हसला, आमच्या मास्तरांच्या चहाच्या वेळी हसला होता तसंच जवळजवळ. म्हणाला, "दादा, आईकडे दे फोन."

मी फोन आईकडे दिला.